कोणत्या दुखण्याला कोणता हात: मसाजचे प्रकार, फायदे आणि निवड

"पाठ भरून आलीय, जोरात रगडा." टेबलावर पालथं पडायच्या आधीच बहुतेक जण असं सांगून मोकळे होतात. मी त्यांना थांबवते आणि विचारते, "कशाने बरं वाटतं?" शेकल्यावर बरं वाटत असेल तर स्नायू आखडला असण्याची शक्यता मोठी. चार पावलं चालल्यावर मोकळं वाटत असेल तर बहुधा तासन्‌तास एका जागी बसण्याचा तो परिणाम असतो. आणि शेकून, झोपून, कूस बदलून, कशानेच उतार पडत नसेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर मी तेलाची बाटली उघडत नाही. आधी डॉक्टरांना दाखवून या म्हणते.

मसाजच्या प्रकारांची यादी लांबलचक आहे. ती पाठ करण्यात काही हशील नाही. चार गोष्टी विचारल्या की कुठलाही प्रकार ओळखता येतो: दाब किती खोल आहे, तेल लागतं की कपड्यांवरून करतात, हात सरकतो की एका जागी थांबतो, आणि तुम्ही नुसतं पडून राहायचं की तुमचे हातपाय ताणले जाणार. पुढचं सगळं याच चार प्रश्नांच्या आधाराने वाचा.

पायरी १: मसाज नकोच, असं केव्हा?

ताप, अंगावर पसरणारं पुरळ, उघडी जखम, नुकतंच मोडलेलं हाड, कालच मुरगळून सुजलेला घोटा. इथे मसाज नको हे कुणालाही सांगावं लागत नाही. चटकन लक्षात न येणारी, म्हणून जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे एकाच पायाची सुजलेली पोटरी. लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर एक पोटरी सुजली, हाताला गरम लागली आणि दुखू लागली, तर ते साधं गोळा येणं नसून आतल्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशा पोटरीला हात लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालयात जा.

बाकीच्या अडचणींमध्ये मसाज करता येतो, पण हात बदलावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाली असतील तर खोल दाब नको. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर दाब जास्त होतोय किंवा चटका बसतोय हे त्या माणसाला कळतच नाही, म्हणून गरम दगडांपासून दूर राहायचं. कॅन्सरच्या रुग्णाला मसाज वर्ज्य, हा समज आता मागे पडला आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, गाठीची आणि रेडिएशन दिलेली जागा टाळून हलक्या हाताने करता येतो. गरोदर बाईला कुशीवर झोपवून, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशा देऊन करतात. दिवस भरत आले की फार वेळ उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते.

पायरी २: मूळ पाच हात ओळखा

स्वीडिश मसाज समजला की निम्मं काम झालं, कारण तेल लावून केल्या जाणाऱ्या बऱ्याच आधुनिक प्रकारांचा तो पाया आहे. त्याचं श्रेय पेर हेन्रिक लिंग यांना देतात. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था सुरू केली. पण मसाजच्या हातांची आजची मांडणी आणि त्यांची फ्रेंच नावं यांचा संबंध ॲम्स्टरडॅमचे डॉक्टर योहान मेत्सगर यांच्याशी जास्त लावला जातो. खुद्द स्वीडनमध्ये याला 'क्लासिक मसाज' असंही म्हणतात.

पहिला हात सरकवण्याचा. पूर्ण तळवा टेकवून हृदयाच्या दिशेने जाताना दाब, परतताना नुसता स्पर्श. हाच हात सगळ्यात सोपा दिसतो आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. आपल्या त्वचेत मंद स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाने हात फिरला तर ते उत्तम प्रतिसाद देतात, आणि ३ सेंटीमीटरच्या आसपासचा वेग त्यांना फार मानवतो. म्हणजे कंबरेपासून मानेपर्यंत हात न्यायला चांगले १५ सेकंद. करून पाहा, आपण केवढी धावपळ करतो ते समजेल.

दुसरा हात मळण्याचा: कुंभार माती मळतो तसा स्नायू उचलायचा, दाबायचा, सोडायचा, तोवर दुसऱ्या हाताने पुढचा भाग धरायचा. तिसरा घर्षणाचा. यात बोट त्वचेवरून घसरत नाही, त्वचेला घेऊनच आत गोल फिरतं, म्हणून तेल कमी लागतं. चौथा थापटण्याचा. ओंजळीसारख्या पोकळ हाताने किंवा तळव्याच्या कडेने, मात्र कण्यावर नाही आणि बरगड्या संपतात त्याखाली मूत्रपिंडाच्या जागी नाही. पाचवा कंपाचा, तो हाताने नीट जमायला वर्षं जातात.

पहिल्यांदाच मसाज घेणाऱ्याला, ताणाने झोप उडालेल्याला, अंग आंबलेल्याला मी डोळे मिटून हाच स्वीडिश प्रकार सुचवते.

पायरी ३: दुखण्याप्रमाणे प्रकार निवडा

*अंग कोरडं, मन थकलेलं: तेलाचे प्रकार.* आयुर्वेदातल्या अभ्यंगात कोमट तेल भरपूर लावतात. हातापायांच्या लांब हाडांवरून लांब हात, सांध्यांवर गोल हात, आणि डोकं, कान, तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष. अजीर्ण झालं असेल किंवा ताप असेल तर अभ्यंग करू नये, असं आयुर्वेदच बजावतो. गाठ फोडणं हे याचं काम नाही, स्नायूंवरचा दाब बेताचाच असतो. ज्यांना खोल दाब सोसत नाही आणि त्वचा रखरखीत आहे त्यांना तो छान मानवतो. हवाईतल्या लोमी लोमीत तळव्याऐवजी कोपरापासून मनगटापर्यंतचा पूर्ण हात वापरतात, त्यामुळे लाट अंगावरून गेल्यासारखं वाटतं. गरम दगडांच्या मसाजात उष्णता धरून ठेवणारे बेसॉल्टचे गुळगुळीत दगड असतात. करणाऱ्याने दगड आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला नाही तर तिथेच टोका. उघड्या त्वचेवर गरम दगड ठेवून खोलीबाहेर जाणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

*अंग कडक झालंय, तेल नको: कपड्यांवरून होणारे प्रकार.* थाई मसाज जमिनीवर गादी घालून, सैल कपड्यांत होतो. तळवे, कोपर, गुडघे, पाय सगळं वापरून दाब देतात आणि मग तुमचे सांधे ताणतात. बँकॉकच्या वाट फो मंदिराशी या परंपरेचं जवळचं नातं आहे. 'नुआद थाई' या नावाने २०१९ साली युनेस्कोने तिची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. बैठं काम करून मांड्या आणि कंबर आखडलेल्या धडधाकट माणसाला हा फार उपयोगी. मणक्याची चकती सरकली असेल, गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर हे ताणणं नको.

शियात्सु म्हणजे जपानी भाषेत 'बोटांचा दाब'. तोकुजिरो नामिकोशी (१९०५–२०००) यांनी त्याला शिस्त लावली आणि १९४० साली टोकियोत शाळा काढली. अंगठ्याने, स्वतःच्या शरीराचा भार टाकून, सरळ खाली दाब दिला जातो, हात सरकत नाही. अंगावर तेल किंवा परक्या माणसासमोर कपडे काढणं नको असणाऱ्यांची यात सोय होते. थाई आणि शियात्सु दोन्हींत ऊर्जेच्या वाहिन्यांची भाषा बोलतात. शरीरशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. म्हणून दाबाचा गुण कमी होत नाही, पण 'यकृताची वाहिनी अडलीय' असं कुणी सांगितलं म्हणून यकृताच्या चिंतेने झोप घालवू नका.

*एकाच जागी ठसठस: खोल काम.* डीप टिश्यू हा शब्द फार सैल झाला आहे, कुणी नुसतं जोरात रगडलं तरी त्याला हेच नाव देतात. खऱ्या डीप टिश्यूत वरचा थर आधी सैल करतात, मग कोपर किंवा बोटांची पेरं अगदी सावकाश खाली उतरवतात. स्नायू वाट देईल तेवढंच आत जायचं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी हे विसरले होते. एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थांनी "अजून जोरात" म्हटलं आणि मीही ईर्ष्येला पेटले. खांद्याच्या पात्याच्या कडेला कोपर रोवून बसले. ते दात आवळून सोसत होते आणि त्यांचा श्वास थांबला होता, हे मला दिसत असूनही दिसलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी पाठीचा फोटो पाठवला, हाताच्या पंजाएवढा जांभळा डाग. मूळचं दुखणं होतं तसंच. तेव्हापासून माझे डोळे समोरच्याच्या श्वासावर असतात. श्वास अडकला की दाब जास्त, मग तोंडाने तो माणूस काहीही म्हणो.

ट्रिगर पॉइंटचं काम यापेक्षा नेमकं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल (१९०१–१९९७) यांनी हा विषय पुढे आणला. दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे, हे त्यातलं मर्म. मान आणि खांदा यांच्या मधल्या स्नायूतला एखादा बिंदू दाबला की कळ कानशिलात जाते, आणि माणूस म्हणतो, "हीच, हीच माझी डोकेदुखी." कुल्ल्याच्या आतल्या स्नायूतला बिंदू पायभर कळ पाठवून सायटिकाचं सोंग घेतो. अशा बिंदूवर सोसवेल एवढा दाब अर्धा ते एक मिनिट धरतात. कळ हळूहळू विरते. या बिंदूंत नेमकं काय बिघडलेलं असतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत.

रॉल्फिंग याच कुळातलं. आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) या जीवरसायनशास्त्राच्या डॉक्टरेट. स्नायूंभोवतीच्या पातळ वेष्टनावर काम करून शरीराची ठेवण सुधारायची, अशी त्यांची कल्पना. ठरीव १० बैठकींची मालिका असते. ज्यांना आपल्या उभं राहण्या-चालण्यात रस आहे त्यांच्यासाठी ठीक, एका दिवसाच्या उसणीसाठी नाही.

*सूज: सगळ्यात हलका हात.* लिम्फॅटिक ड्रेनेज ही पद्धत डॅनिश दांपत्य एमिल आणि एस्ट्रिड वोडर यांनी १९३०च्या दशकात उभी केली. लसिकेच्या (म्हणजे शरीरात साचणारं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाच्या) बारीक नळ्या त्वचेच्या अगदी खालीच असतात, जोरात दाबलं तर त्या चेपतात. म्हणून त्वचा जेमतेम ताणली जाईल एवढाच दाब. क्रमही उलटा वाटतो: हात सुजला असेल तर सुरुवात हातापासून होत नाही, मानेपासून आणि काखेच्या आसपासून होते, म्हणजे पुढची वाट आधी मोकळी. स्तनाच्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियेनंतर सुजणाऱ्या हातासाठी ही पद्धत पट्ट्या बांधणं आणि व्यायाम यांच्या जोडीने वापरतात. यासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेलाच माणूस शोधा. हृदय कमजोर असेल, सुजेच्या जागी संसर्ग किंवा गुठळी असेल तर ही पद्धतही नको.

*खेळाडू.* स्पर्धेआधी हलका आणि चटपटीत, नंतर संथ. व्यायामानंतरचं अंग दुखणं मसाजने थोडं कमी होतं आणि लवचिकता थोडी वाढते. धावण्याचा वेग किंवा ताकद वाढते असं मात्र दिसत नाही.

*तळपाय.* रिफ्लेक्सॉलॉजीत तळपायाच्या ठरावीक जागा ठरावीक अवयवांशी जोडलेल्या मानतात. या नकाशाला शास्त्रीय आधार नाही, त्यावरून रोगाचं निदान तर अजिबात करू नये. पण दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे पाय कुणी अर्धा तास दाबून दिले तर त्याला जे सुख मिळतं त्याला नकाशा लागत नाही.

पायरी ४: फायद्यांचा हिशेब खरा मांडा

मसाजने ताण आणि अस्वस्थता कमी होते, झोप सुधारते, मान-कंबरेच्या दुखण्याला काही काळ उतार पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी औषधांआधी करायच्या उपायांत शेकण्याबरोबर मसाजही धरला, पण त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा आहे हेही नोंदवलं. दुखणं जुनं झालं की व्यायामाला पर्याय नाही. मसाजने दोन दिवस मोकळे मिळतात, त्या दोन दिवसांत चालायला आणि व्यायामाला लागावं, हा त्याचा खरा उपयोग.

'विषारी द्रव्यं बाहेर पडतात' हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळावर आठी पडते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करत असतात. 'लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हेही तसंच: व्यायामानंतर ते साधारण तासाभरात आपोआप पूर्वपदावर येतं, दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी टोकाला पोचतं. गाठसुद्धा अंगठ्याने 'फुटत' नाही. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप मेंदूपर्यंत जातो, मेंदू त्या स्नायूवरची पकड सैल करतो, असं समजणं जास्त बरोबर.

पायरी ५: पहिल्या बैठकीत काय बोलावं

आजार, औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया आधी सांगा. चांगला माणूस स्वतःहून विचारतोच. कुणी काही न विचारता कामाला लागला, तर त्याची भिंत प्रमाणपत्रांनी भरलेली असली तरी सावध व्हा. कुठे हात नको हे मोकळेपणाने सांगा: पोट, छाती, मांडीची आतली बाजू, चेहरा, काहीही. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा आणि बाकी अंग चादरीखाली, हा साधा नियम आहे. तो मोडला गेला तर मधूनच उठून जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दाबासाठी आकड्यांची भाषा सोपी पडते. शून्य म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. ५ ते ६ वर राहा. ७ झाला की लगेच सांगा, "सोसेन थोडं" म्हणून गप्प राहू नका. मानेला झटका देऊन कट्कन आवाज काढण्याला सरळ नाही म्हणा. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचितच, पण झाली तर फार गंभीर.

संपल्यावर आधी कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उभे राहा. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालतं. दोन दिवसांनंतरही वाढत असेल, मुंग्या येत असतील किंवा लघवी गडद तपकिरी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: घरी मान-खांद्यांसाठी १५ मिनिटं

एकटे असाल तर टेनिसचा चेंडू मोज्यात घाला आणि मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरा, म्हणजे चेंडू निसटत नाही. भिंतीला पाठ लावून तो कणा आणि खांद्याचं पातं यांच्या मधल्या मांसात टेकवा. गुडघे किंचित वाकवून वर-खाली व्हा. दुखरी जागा सापडली की तिथे तीन-चार सावकाश श्वास थांबा. कण्यावर चेंडू नको.

दुसऱ्याला द्यायचा असेल तर त्याला खुर्चीत टेबलाकडे तोंड करून बसवा, टेबलावर उशी, उशीवर दुमडलेले हात, हातांवर कपाळ. अशाने मान पूर्ण सैल सुटते. तुम्ही मागे उभे राहा, एक पाय पुढे. जोर दंडांतून लावायचा नाही, अंगाचा भार पुढे झुकवायचा. अंगठा सरळ ठेवा, वाकवून दाबलात तर संध्याकाळी तुमचाच अंगठा दुखेल.

हात चोळून गरम करा आणि दोन्ही खांद्यांवर नुसते ठेवा. मानगुटापासून खांद्याच्या टोकापर्यंत तळवे पाच-सहा वेळा सरकवा. मग मान आणि खांद्यामधला मांसल भाग पूर्ण पंजाने धरून मळा. चिमटे नकोत. पुढच्या बाजूला गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यात बोटं घालू नका आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला अजिबात दाबू नका.

मग पात्याच्या आतल्या कडेने, कण्यापासून दोन बोटं लांब, अंगठ्याने खालून वर एकेक जागा दाबत या. प्रत्येक जागेवर एक श्वास. कडक दोरीसारखी पट्टी बोटाखाली टणकन उडाली की तिथे जरा जास्त थांबा.

आता त्याला डोकं उचलायला सांगा आणि एक हात कपाळाला आधार म्हणून लावा. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट कवटीच्या कडेखालच्या दोन खळग्यांत टेकवा आणि वरच्या दिशेने हलकेच दाब धरा, अर्धा मिनिट. बहुतेकांचा मोठा सुस्कारा इथेच निघतो. दंडांपासून तळव्यांपर्यंत दोन्ही हात दाबत उतरा. पुन्हा मानेपासून खांद्यापर्यंत सरकवण्याचा हात, आधीपेक्षाही संथ. शेवटी तळवे परत खांद्यांवर ठेवा, त्या माणसाचे दोन श्वास होईपर्यंत तसेच राहू द्या, आणि मग उचला.